मालकांना विचारून सांगते

कासारखेड नगरपरिषदेचा निकाल लागला. प्रभाग सहामधून एकनाथ डोईफोडे दोनशे चौदा मतांनी निवडून आला, आणि घोषणा झाल्या त्या त्याच्या बायकोच्या नावाच्या.

"गयाताई अमर रहे" म्हणत कार्यकर्त्यांनी त्याला तहसीलच्या गोदामाबाहेर खांद्यावर घेतलं. गुलाल डोळ्यांत गेला. गयाबाईला जाऊन सात महिने झाले होते. वर्षश्राद्ध व्हायच्या आधी घरातल्या माणसाने गुलाल लावून घेऊ नये असं त्याची आई म्हणायची. ते सांगावं म्हणून त्याने तोंड उघडलं तर तोंडातही गुलाल गेला.

खाली उतरल्यावर त्याने शेजारच्या माणसाला विचारलं, "मग कोण आलं?"

"तुम्ही आलात की."

"ते झालं. गावात कोण आलं?"

तो माणूस हसला. "कुणीच नाही."

आणि ते खरं होतं. एकवीस जागा. नगर विकास आघाडी नऊ, शहर बचाव मंच नऊ, आणि नवजीवन पक्ष तीन. नगराध्यक्ष नगरसेवकांनी आपल्यातूनच निवडायचा होता. म्हणजे आघाडी असो की मंच, खुर्ची हवी असेल तर नवजीवनच्या तिघांकडे यावंच लागणार. या तिघांत एक एकनाथ, बासष्ट वर्षांचा, नगरपरिषदेचा निवृत्त वालमन. एकतीस वर्षं त्याने गावाच्या पाण्याचे व्हॉल्व्ह उघडले आणि बंद केले. दुसरे रऊफ पठाण, उर्दू शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक, तिसऱ्यांदा निवडून आलेले. तिसरी संजीवनी वाकळे, चौतीस वर्षांची वकील, पहिल्यांदाच.

तिघांनी मिळून एक गटनेता निवडायचा आणि गुरुवारी दुपारी बारापर्यंत त्याच्या नावाचं पत्र जिल्हाधिकारी कार्यालयात द्यायचं. मग गटनेता सांगेल तिकडे तिघांनी मत द्यायचं, नाहीतर पद जातं. पत्र वेळेत गेलं नाही तर तिघे तीन वाटांना, आणि मग नगराध्यक्ष चिठ्ठी टाकून. रऊफ सरांना आघाडीकडे जायचं होतं. संजीवनीला मंचाकडे. दोघांनाही गटनेता व्हायचं होतं.

उरलं एक मत. ते एकनाथचं होतं, आणि त्याला त्यातलं काही कळत नव्हतं.

"एकनाथराव, उद्या सकाळी येतो," रऊफ सर गर्दीतून म्हणाले.

"काका, उद्या दुपारी जरा वेळ द्या," संजीवनी दुसऱ्या कानाशी म्हणाली.

एकनाथने दोघांनाही मान हलवली.

खरं तर तो उभाच राहणार नव्हता. गयाबाई आठ वर्षं नगरसेविका होती. पक्षात, गावात, सगळीकडे तिचा शब्द चालायचा. ती एका सकाळी डोकं धरून ओट्यापाशी बसली ती उठलीच नाही. तेराव्यानंतर महिन्याभराने पक्षाचे जिल्हाध्यक्ष घरी आले आणि म्हणाले, "ताईंनीच तुमचं नाव सांगितलंय." एकनाथला वाटलं, जाण्याआधी कधीतरी बोलली असेल. त्याने मान खाली घातली आणि फॉर्मवर सही केली. फॉर्म भरून झाल्यावर कळलं की ते गयाबाईने सांगितलं नव्हतं. तिच्या छायेने सांगितलं होतं.

छाया म्हणजे भूत नव्हे. चार वर्षांपूर्वी पक्षाने आपल्या प्रत्येक नगरसेवकाला, आणि पुढे उमेदवारांनाही, करंगळीच्या पेराएवढी एक डबी दिली होती. बायका ती पदराच्या पिनेला लावत, पुरुष खिशाला. डबीवर निळा ठिपका लुकलुकायचा, म्हणजे समोरच्याला कळायचं की बोलणं साठवलं जातंय. सुरुवातीला हेतू इतकाच होता की कुणी कुणाला काय शब्द दिला याची नोंद राहावी. पण चार वर्षांचं बोलणं साठलं, आणि पक्षाने ते एका यंत्राला शिकवायला दिलं. यंत्र एकच गोष्ट शिकलं. या बाईला, या माणसाने, असा प्रश्न विचारला, तर तिच्या तोंडून पुढचे शब्द कोणते निघतील.

एकनाथला ते जिल्ह्याच्या शिबिरात समजावून सांगितलं होतं तेव्हा त्याने आपल्या परीने अर्थ लावून घेतला. रोज एकाच नळावर येणारी बाई घागर टेकवायच्या आधी काय बोलणार हे वालमनला ठाऊक असतं. तसंच हे. फरक इतकाच की यंत्र ते तिच्याच आवाजात बोलून दाखवतं.

मग पक्षाने परीक्षा घेतली. गयाबाईने खरोखर घेतलेले शंभर निर्णय यंत्रापासून लपवून ठेवले आणि तेच प्रश्न छायेला विचारले. एक्क्याण्णव उत्तरं जुळली. तेव्हापासून नियम झाला की गेलेल्या किंवा आजारी नेत्याच्या छायेचा सल्ला घ्यावा. मत मात्र तिला नाही.

एकनाथने आजपर्यंत ती ऐकली नव्हती. कुणी ऐकवायला आणली की तो पाणी बघून येतो म्हणून उठून जायचा.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी रऊफ सर आले. चपला बाहेर काढल्या, बसले, चहा घेतला, आणि पिशवीतून टॅब काढून स्टुलावर ठेवला.

"मला तुम्हाला त्रास द्यायचा नाही, एकनाथराव. पण ताईंचं मत आपण ऐकायला हवं. आपण दोघेही त्यांना मानतो."

पडद्यावर गयाबाईचा नगरपरिषदेच्या ओळखपत्रावरचा फोटो आला. मग बोलण्याआधीचा तो बारीक खोकला. एकनाथने कप खाली ठेवला.

"बोला सर," गयाबाई म्हणाली.

"ताई, गटनेता कोण व्हावा?"

"सर, तुमच्यासारखा अनुभवी माणूस असताना दुसरीकडे बघायचं कशाला? आघाडीवाल्यांशी तुमचं जमतं. इदगाहच्या टेकडीवर टाकी बांधायला ते तयार आहेत. तेवढी पदरात पाडून घ्या."

आवाज तोच होता. 'टेकडी' म्हणताना 'क' वर जरा जोर द्यायची तोही तसाच. एकनाथ पुढे सरकला.

"गया, मी आहे."

पडद्यावर क्षणभर काही नाही. मग, "नमस्कार. बोला ना, काय काम होतं? अर्ज आणलाय का?"

एकनाथ मागे टेकला. रऊफ सरांनी घाईने टॅब बंद केला.

"माइकचं काहीतरी झालं असेल," ते म्हणाले.

"असेल," एकनाथ म्हणाला.

दुपारी संजीवनी आली. ती घरात आली नाही. एकनाथ जुन्या जलकुंभाखालच्या कट्ट्यावर बसतो हे तिला माहीत होतं. ती शेजारी बसली आणि फोनच काढला.

"सर येऊन गेले ना?"

"आले होते."

"आता हे ऐका, काका. मी काही शिकवून आणलेलं नाही. तुमच्यासमोर विचारते."

तिने विचारलं. तोच खोकला. पण आवाज वेगळा होता, मोकळा, जवळचा.

"संजू, किती दिवस मागे बसणार गं? तुम्ही पोरींनी पुढं यायला नको का? सर चांगले आहेत, पण वय झालं त्यांचं. आघाडीवाले त्यांना चहा पाजून सह्या घेतात. तू मंचाशी बोल. आणि घाबरू नकोस."

संजीवनीने फोन बंद केला. तिचे डोळे भरले होते.

"ताई मला अगदी असंच बोलायच्या," ती म्हणाली.

एकनाथ वर टाकीकडे बघत राहिला. सकाळी म्हणे तुमच्यासारखा अनुभवी माणूस. दुपारी म्हणे वय झालं. एकोणचाळीस वर्षं ज्या बाईबरोबर संसार केला ती माणसामागे एक आणि पुढे एक बोलायची? घरात तर ती भाजीवालीला उरलेले दोन रुपयेही परत नेऊन द्यायची.

"काका, काय ठरवलंत?"

"मला एक सांग," एकनाथ म्हणाला, "ही खरी का सकाळची खरी?"

संजीवनीने फोन पर्समध्ये टाकला. "मला वाटतं, ही," ती म्हणाली. मग स्वतःच म्हणाली, "सरांनाही तसंच वाटत असेल."

*

बुधवारी तो एसटीने जिल्ह्याला गेला. पक्षाच्या कार्यालयात मागच्या बाजूला छाया कक्ष होता. तिथे केतकी साबणे नावाची मुलगी बसायची. पंचविशीची, चष्मा, टेबलावर डबा उघडा. तिने डबा बाजूला सारला.

"तुम्ही जेवा," एकनाथ म्हणाला. "मी बसतो."

"नाही काका, बोला तुम्ही."

त्याने सगळं सांगितलं. शेवटी विचारलं, "यात खोटी कुठली?"

"दोन्ही खऱ्या," केतकी म्हणाली. "म्हणजे, छाया कोण विचारतंय त्यावर उत्तर देते. माणूस तसंच करतो ना? तुम्ही साहेबाशी बोलता तसं मित्राशी बोलता का? ताई रऊफ सरांशी एका तऱ्हेने बोलायच्या, संजीवनीताईंशी दुसऱ्या. यंत्र दोन्ही तऱ्हा शिकलं. सर विचारतात तेव्हा सरांशी बोलणाऱ्या ताई उत्तर देतात."

"म्हणजे ती दोघांना दोन सांगायची."

"दोघांना बरं वाटेल असं सांगायच्या. निर्णय काय घ्यायच्या ते वेगळं."

"मग माझ्याशी बोलणारी कुठे आहे?"

केतकीने पडद्यावर काहीतरी शोधलं. "तीच अडचण आहे. चार वर्षांत ताई तुमच्याशी बोलतायत असा आवाज फक्त अकरा सेकंदांचा आहे. ऐकवू?"

त्याने मान हलवली.

"अहो, येताना कोथिंबीर आणा. आणि ते नळाचं वायसर—" तिथे तुटलं.

"एवढंच?" केतकीने विचारलं. "तुम्ही घरात बोलत नव्हता का?"

एकनाथला हसू आलं. गयाबाई घरी यायची तेव्हा दाराबाहेर चपला काढायची, आणि चौकटीच्या खिळ्याला ती डबी अडकवायची. त्याच खिळ्याला पूर्वी त्याची व्हॉल्व्हची लोखंडी चावी असायची. पक्षाचं पक्षाला, म्हणायची, आणि आत यायची. चार वर्षं त्या डबीने बाहेर खिळ्यावर बसून कुत्र्यांचं भुंकणं ऐकलं असेल.

"तुमच्याकडे काही असेल तर द्या," केतकी म्हणाली. "फोनवरचे निरोप, लग्नातलं रेकॉर्डिंग, काहीही. तासाभराचं जरी मिळालं तरी छाया तुम्हाला ओळखेल."

एकनाथचा हात शर्टाच्या खिशावर गेला. फोनमध्ये बावीस निरोप होते. गॅस आला का. औषध घेतलं का. आज उशीर होईल, वरण झाकून ठेवलंय. एकात तर ती त्याच्यावर पाच मिनिटं नुसती चिडली होती, आणि शेवटी हसली होती.

"दिले तर ती माझ्याशी घरातल्यासारखी बोलेल?"

"बरंचसं."

"आणि जिल्हाध्यक्षांनी विचारलं तर? त्यांच्याशीपण तशी बोलेल?"

"छाया एकच असते काका. कुठली तऱ्हा कुणासाठी, हे आम्ही पुरतं बांधू शकत नाही. थोडं इकडचं तिकडे जातं."

एकनाथने खिशावरचा हात काढला नाही. खिडकीबाहेर कुणीतरी स्कूटरला किका मारत होतं. ती चालू होत नव्हती.

"माझ्याकडे काही नाही," तो शेवटी म्हणाला.

उठताना त्याला आठवलं. "माझं नाव तिने कसं काय सांगितलं? उभं राहायला?"

केतकीने नोंद काढली. "जिल्हाध्यक्षांनी विचारलं होतं, तुमच्या जागी कोण. छायेने तुमचं नाव दिलं. भरवसा सत्त्याण्णव टक्के. इतका तिने कशातच दाखवलेला नाही."

"का पण?"

"कारण ते सांगता येत नाही, काका. आत नुसती वजनं असतात, आकडे. कुठल्या वाक्यांनी पारडं झुकलं ते बाहेरून दिसत नाही." तिने डबा पुन्हा पुढे ओढला, आणि म्हणाली, "एक करून बघा. दोघांना एकत्र बसवा आणि तिघे मिळून विचारा. सगळे समोर असले की ताई काय बोलायच्या, तेही यंत्राला माहीत आहे."

*

गुरुवारी सकाळी नऊ वाजता तिघे पक्षाच्या कार्यालयात बसले. कार्यालय म्हणजे भांड्यांच्या दुकानावरची एक खोली. खाली कुणीतरी पातेलं ठोकून बघत होतं. बारापर्यंत पत्र जिल्ह्याला पोचायला हवं होतं, म्हणजे दहाला निघायला हवं. संजीवनीने पत्र टाइप करून आणलं होतं. नावाची जागा कोरी होती.

"नाव तेवढं लिहायचंय," ती म्हणाली.

"माझं लिहा, लवकर होईल," रऊफ सर म्हणाले.

"तुमच्या नावाचं स्पेलिंग अवघड आहे, सर."

टॅब मधोमध ठेवला. तिघांनी आपापली नावं सांगितली, म्हणजे छायेला कळावं कोण कोण आहे. मग रऊफ सरांनी विचारलं, "ताई, आम्ही तिघे आहोत. गटनेता मी व्हावं का संजीवनीने?"

खोकला आला. मग शांतता. इतकी लांब की संजीवनीने पडदा बंद पडला का ते वाकून बघितलं.

"मालकांना विचारून सांगते," गयाबाई म्हणाली.

संजीवनीने वेगळ्या तऱ्हेने विचारलं. "ताई, आघाडी का मंच? आज ठरवायलाच हवं. वेळ नाही."

"हो गं. मालकांना विचारून सांगते."

"ताई, शेवटचं विचारतोय," रऊफ सर म्हणाले.

"तुम्ही म्हणताय ते बरोबर आहे सर. आमच्या मालकांना एकदा विचारते आणि कळवते."

रऊफ सरांनी चष्मा काढला. "हे मात्र अगदी खरं. सभेत अडचणीचं काही निघालं की ताई हेच म्हणायच्या. मालकांना विचारून सांगते. आणि दुसऱ्या दिवशी ठाम निर्णय घेऊन यायच्या."

"मलासुद्धा," संजीवनी म्हणाली.

दोघांनी एकनाथकडे बघितलं.

"म्हणजे ताई तुमच्याशी बोलून ठरवायच्या," रऊफ सर म्हणाले. "आम्हाला कधी वाटलं नव्हतं. तुम्ही इतके गप्प. मग आता तुम्हीच सांगा, काय म्हणायच्या त्या?"

एकनाथने आठ वर्षं डोळ्यांसमोरून नेली. गया आली, चपला काढल्या, डबी खिळ्याला, आत आली. भात टाकला. पाय चोळत बसली. त्याने विचारलं, काय झालं आज? ती म्हणाली, डोकं उठलं, चहा ठेवा. टाकी, रस्ता, आघाडी, मंच, यातलं एक अक्षर तिने घरात कधी काढलं नव्हतं. मत कुणाला दिलं हेसुद्धा दोघांनी एकमेकांना कधी विचारलं नव्हतं. लग्नानंतरच्या पहिल्याच निवडणुकीत तिने सांगून टाकलं होतं, हे विचारायचं नाही.

"मला तिने कधीच काही विचारलं नाही," तो म्हणाला.

"कधीच?"

"आठ वर्षांत एकदासुद्धा नाही. वायसरचं तेवढं विचारायची."

संजीवनीच्या तोंडातून हसू निसटलं. तिने पदर तोंडाला लावला.

"माफ करा काका. पण हे तर आम्ही सगळ्याच म्हणतो. कुणी गळ्यात पडलं, आत्ताच सही करा म्हणालं, की नवऱ्याचं नाव पुढं करायचं. पुढचा माणूस लगेच मान डोलावतो. नवऱ्याचं नाव काढलं की त्यांना पटतं. माझा नवरा मेडिकलमध्ये गोळ्यांची पाकिटं लावत असतो, त्याला मंच म्हणजे काय ते माहीत नाही. तोपर्यंत मला एक रात्र मिळते विचार करायला."

रऊफ सर हळूच म्हणाले, "आणि आम्ही खरं समजत होतो."

"तुम्ही समजलात ते ठीक आहे, सर. यंत्रानेसुद्धा खरं धरलं."

आता एकनाथला कळलं. चार वर्षांत गयाबाईने ते वाक्य शेकडो वेळा म्हटलं असेल. यंत्राने मोजलं. प्रत्येक अवघड गोष्ट ही बाई मालकांना विचारते, आणि दुसऱ्या दिवशी पक्का निर्णय येतो. म्हणजे निर्णय मालक घेतात. मग ती गेल्यावर तिच्या जागी कोण? सत्त्याण्णव टक्के. ज्या माणसाला तिने कधी काही विचारलं नाही तो माणूस, तिने सगळं त्यालाच विचारलं असं समजून, नगरसेवक होऊन इथे बसला होता. आणि काय करू असं तिला विचारायला आला, तर ती म्हणत होती मालकांना विचारते.

त्याला हसावं का रडावं ते कळेना. घड्याळात साडेनऊ झाले होते.

"एक करू," तो म्हणाला. "डब्या काढा."

"काय?"

"डब्या. बाहेर चपलांपाशी ठेवू. आणि हा टॅबही."

"पक्षाच्या बैठकीत डबी काढायची नसते, एकनाथराव. नियम आहे."

"मग ही बैठक नाही समजा. मी तुम्हाला चहाला बोलावलंय."

रऊफ सरांनी जरा वेळ विचार केला आणि खिशाची डबी काढून दिली. एकनाथने तिन्ही डब्या टॅबवर ठेवून जिन्यात चपलांशेजारी नेऊन ठेवल्या, आणि दार लावून घेतलं. आत आल्यावर तिघांनाही उगाच अवघडल्यासारखं झालं. सरांना चार वर्षांची सवय, बाकी दोघांना उमेदवारीपासूनची. निळा ठिपका नसला की काय बोलावं ते सुचत नाही.

"मला राजकारण कळत नाही," एकनाथ म्हणाला. "एकच विचारतो. तुमच्यापैकी कुणी कुणाला शब्द दिलाय का? सरळ सांगा. बाहेर जाणार नाही."

संजीवनी म्हणाली, "मंचाकडे जावं असं मला वाटतं. आघाडी टाकी बांधेल पण पाइप बदलणार नाही. टाकी म्हटली की फोटो येतो, पाइप जमिनीत जातो. पण शब्द दिलेला नाही. मंचवाले दोनदा घरी येऊन गेले. मी म्हटलं—" ती थांबली. "मी म्हटलं, मालकांना विचारून सांगते."

रऊफ सर बराच वेळ बोटातली अंगठी फिरवत राहिले.

"मी दिलाय," ते म्हणाले. "निकालाच्या आधीच दिलाय. उपनगराध्यक्षपद मला, आणि टाकी आमच्या टेकडीवर. एकनाथराव, मोहल्ल्यात पाणी चौथ्या दिवशी येतं. मी दहा वर्षं लोकांना पुढच्या वर्षी म्हणतोय. मला पदाचा मोह नाही असं म्हणणार नाही. पण पाण्याचाही आहे."

"मला माहीत आहे, सर," एकनाथ म्हणाला. "चौथ्या दिवशी मीच सोडत होतो."

खाली पातेल्याचा सौदा तुटला असावा. ठोकणं थांबलं.

एकनाथ आपल्या हातांकडे बघत होता. एकतीस वर्षं त्या हातांनी चावी फिरवली होती. काही व्हॉल्व्ह गंजून उघडेच राहतात. पाणी जातं त्यातून, कुणाची तक्रार नसते, म्हणून कुणी बघत नाही. पण फुटतं कुठेतरी आणि बंद करायला जावं तेव्हा ते हलत नाहीत. ज्या व्हॉल्व्हचा आटा अजून फिरतो, त्याच्याच जिवावर लाइन चालते. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. गया याबद्दल काय म्हणाली असती तेही त्याला माहीत नव्हतं. तो शोधत राहिला, तर त्या यंत्राचाच आवाज कानात यायला लागला, आणि त्याला भीती वाटली.

"सर, तुम्ही मला माणूस म्हणून संजीवनीपेक्षा जास्त माहीत आहात," तो म्हणाला. "पण तुम्ही आधीच उघडून बसलात. आता तुम्हाला इकडे-तिकडे फिरता येणार नाही. आघाडीला ते ठाऊक आहे, म्हणून ते आणखी काही देणार नाहीत. ही अजून फिरते आहे. दोघांकडूनही मागू शकते." त्याने पत्र पुढे ओढलं. "संजीवनीचं नाव लिहा. पण एक. मंचाकडे जा नाहीतर आघाडीकडे, मोहल्ल्याची टाकी आणि खालचे पाइप, दोन्ही लेखी घेतल्याशिवाय हात वर करायचा नाही. टाकी सरांच्या नावाने मागायची."

संजीवनीने लगेच हो म्हटलं नाही. "टाकी सरांच्या नावाने मागितली तर मंच चिडेल," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने म्हणाली, "चिडू दे."

रऊफ सर उठून खिडकीपाशी गेले. पाठमोरेच म्हणाले, "ताईंनी मला इतका सरळ नकार कधी दिला नव्हता."

"मला तसं गोड बोलता येत नाही," एकनाथ म्हणाला.

"तुमचं चुकलं तर?"

"चुकलं असेल. मला अजूनही कळत नाहीये, सर."

दहाला पाच कमी असताना रऊफ सरांनी सही केली. पेन नीट चालेना, तर एकनाथने आपलं दिलं.

*

आघाडीने टाकीला हो म्हटलं आणि पाइपला नाही. मंचाने तीन दिवस ओढून दोन्ही लिहून दिलं. नगराध्यक्ष मंचाचा झाला, बारा विरुद्ध नऊ. रऊफ सरांनी हात वर केला तो सगळ्यात शेवटी आणि खांद्याएवढाच, पण केला. आघाडीच्या माणसाने त्यांच्याकडे बघितलं तेव्हा त्यांनी नजर वळवली नाही. नंतर ते एकनाथशी न बोलता निघून गेले.

टाकी होईल का, पाइप येईल का, तीन माणसं एकत्र राहतील का, कुणालाच माहीत नव्हतं. एकनाथला तर मुळीच नव्हतं.

बाहेर चौकात लोक त्याला थांबवून हात मिळवत होते.

"काय डोकं चालवलं," पानवाला म्हणाला. "ताईंनीच सांगितलं असणार. छायेला विचारलं ना?"

"विचारलं होतं."

"मग? काय म्हणाल्या?"

एकनाथने थोडा विचार केला. "मला विचारते म्हणाली."

पानवाल्याने मान डोलावली. त्याला ते पटलं होतं.

दिवस मावळायच्या आत तो घरी पोचला. दाराबाहेर चपला काढल्या. खिशावरची डबी काढली आणि चौकटीच्या खिळ्याला अडकवली. निळा ठिपका लुकलुकत राहिला. तो आत गेला, दार लोटलं, आणि फोटोसमोर खुर्ची घेऊन बसला. फोटो ओळखपत्रावरचा नव्हता. मामेभावाच्या लग्नातला होता, त्यात ती कुणाकडे तरी वळून काहीतरी बोलत होती.

आज कुणाला मत दिलं ते सांगावं असं त्याच्या ओठावर आलं. मग आठवलं, हे घरात विचारायचं नाही, सांगायचंही नाही. मोरीतला नळ ठिबकत होता. वायसर अजून बदलायचंच राहिलं होतं.

"एक बोलायचं होतं," बऱ्याच वेळाने तो म्हणाला. "आठ वर्षं सगळ्या गावाला सांगत होतीस, मालकांना विचारून सांगते."

त्याने धोतराच्या सोग्याने चेहरा पुसला.

"मला काही सांगता आलं नसतं, ते खरं आहे. पण एकदा तरी विचारायचं होतंस, गया."